शोधनिबंध पाठवण्यापूर्वीचे काम शिकवायला हवे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात अलीकडे एका संशोधक विद्यार्थ्याने अशी खंत व्यक्त केली होती की, खान्देशातल्या महाविद्यालयांतून पाठवलेले रसायनशास्त्राचे शोधनिबंध परदेशी नियतकालिके न वाचताच परत करतात, आणि पत्त्यात तालुक्याच्या गावाचे नाव दिसणे एवढेच त्याचे कारण असते. मी जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी पदव्युत्तर वर्गांना रसायनशास्त्र शिकवले, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले आणि काही नियतकालिकांसाठी परीक्षक म्हणून निबंधही वाचले. पत्ता पाहून कधीच कोणावर अन्याय होत नसेल, असे मी म्हणणार नाही. मात्र संपादकाच्या टेबलावरूनच परतलेले जे निबंध विद्यार्थ्यांनी मला आणून दाखवले, त्यांतल्या बहुतेकांत परत पाठवण्याजोगे कारण पहिल्या दहा मिनिटांत सापडत होते. प्रयोग बहुधा ठीक असे. तो कागदावर ज्या पद्धतीने मांडला होता, ती पद्धत नियतकालिकाने स्पष्ट शब्दांत मागितलेल्या पद्धतीशी जुळत नसे. ही मांडणी शिकता येते, आणि आपल्याकडे ती शिकवली जात नाही, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रत्येक नियतकालिकाच्या संकेतस्थळावर लेखकांसाठी सूचना असतात. त्या वीस-तीस पानांच्या असतात, कंटाळवाण्या असतात, आणि आमचे विद्यार्थी त्या निबंध पाठवण्याच्या दिवशी, पोर्टलवर फाइल चढवताना उघडतात. खरे तर पहिले संयुग तयार करण्यापूर्वीच त्या वाचायला हव्यात, कारण त्यांत जे मागितलेले असते त्यातले निम्मे नमुना संपून गेल्यावर मिळवता येत नाही. कुपीत वीस मिलिग्रॅम पदार्थ होता तेव्हा त्याचा द्रवणांक घेतला नाही, कार्बनचा एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना दाखवणारा वर्णपट) काढून ठेवला नाही, आणि दोन वर्षांनी निबंध लिहायला बसल्यावर ती कुपी सापडत नाही, ही आपल्या प्रयोगशाळांमधली नित्याची गोष्ट आहे.

सेंद्रिय रसायनशास्त्रातले साधे उदाहरण घेतो. आपल्याकडचे किती तरी संशोधन चाल्कोन या सहज बनणाऱ्या संयुगापासून सुरू होते, कारण बेन्झाल्डिहाइड व ॲसिटोफिनोन स्वस्त मिळतात आणि अभिक्रियेला महागडे उपकरण लागत नाही. आता एखाद्या विद्यार्थ्याने बारा चाल्कोन व त्यांपासून पायराझोलिन नावाची बारा नायट्रोजनयुक्त संयुगे तयार केली, तर त्यांतली कोणती संयुगे पूर्वी कोणी तयार केलेली आहेत आणि कोणती नवी आहेत, हे त्याने निबंधात वेगळे सांगणे अपेक्षित असते. जुन्या संयुगांसाठी सहसा द्रवणांक, एनएमआर आणि त्या पूर्वप्रसिद्ध नोंदीचा संदर्भ एवढे पुरते. नव्या संयुगांसाठी मात्र प्रोटॉन व कार्बन दोन्हींचा एनएमआर, द्रवणांक, आणि अचूक वस्तुमान किंवा मूलद्रव्य विश्लेषण, असा पूर्ण संच द्यावा लागतो. प्रत्यक्षात आमच्याकडे उलटे घडते. माहीत असलेल्या संयुगांची माहिती भरभरून दिलेली असते, कारण ती कुठून तरी पाहून लिहिता येते, आणि ज्या नव्या संयुगांवर निबंधाचा डोलारा उभा असतो त्यांच्यासाठी आयआरच्या (अवरक्त वर्णपटाच्या) चार आकड्यांवर काम भागवलेले असते.

साध्या चाल्कोनमध्ये कार्बनचे १५ अणू आहेत, म्हणून कार्बनच्या एनएमआर वर्णपटाच्या वर्णनात १५ शिखरे लिहिलेला मसुदा माझ्यासमोर आलेला आहे. त्या रेणूतल्या दोन्ही बेन्झिन कड्यांत सममिती असल्यामुळे ११ च संकेत दिसायला हवेत. परीक्षक हे बोटांवर मोजतो, आणि आकडा जास्त निघाला की उरलेल्या सगळ्या तक्त्यांवरचा त्याचा विश्वास उडतो. दुहेरी बंधावरील दोन हायड्रोजनांचा युग्मन स्थिरांक (त्यांच्या फुटलेल्या शिखरांतले अंतर) १५-१६ हर्ट्झच्या आसपास असेल तर ते परस्परांच्या विरुद्ध बाजूंना आहेत हे सिद्ध होते. तो आकडा न देता नुसते ‘डब्लेट’ लिहिणे म्हणजे हातातला सर्वांत चांगला पुरावा घरी ठेवून कोर्टात जाणे होय.

अचूक वस्तुमानाच्या बाबतीत एक चूक इतक्या वेळा दिसते की तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. रेणूचे वजन काढायला विद्यार्थी बाटलीवरचा किंवा आवर्तसारणीतला सरासरी अणुभार वापरतात. त्या हिशेबाने साध्या चाल्कोनचा रेणुभार २०८.२६ येतो. वस्तुमान वर्णपटमापी मात्र सरासरी रेणू पाहत नाही. तो प्रत्येक समस्थानिक वेगळा पाहतो, त्यामुळे तेथे प्रत्येक मूलद्रव्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या समस्थानिकाचे वस्तुमान घ्यावे लागते, आणि ते २०८.०८८८ येते. त्यात प्रोटॉन मिळवून जो आयन यंत्रात दिसतो, त्याचे मूल्य २०९.०९६१. नियतकालिके सहसा गणिती व मोजलेल्या मूल्यांत ५ पीपीएमपर्यंतचा (दहा लाखांत पाच भागांचा) फरक चालवून घेतात, म्हणजे या रेणूसाठी तिसऱ्या दशांश स्थानी एखादा अंक इकडेतिकडे. सरासरी अणुभार वापरला तर फरक पहिल्याच दशांश स्थानी पडतो. आणखी एक बारीक गोष्ट अशी की, मिळवायचा असतो तो प्रोटॉन. संपूर्ण हायड्रोजन अणूचे वस्तुमान मिळवले तर एका इलेक्ट्रॉनचे वस्तुमान जास्त धरले जाते, आणि या आकाराच्या रेणूत तेवढ्यानेच सुमारे अडीच पीपीएमची तफावत येते. परवानगीतला निम्मा वाटा असा कागदावरच खर्च होतो. यंत्राने योग्य आकडा दिलेला असतो, पदार्थही बरोबर असतो, आणि निबंध मात्र ‘विदा (डेटा) संरचनेशी जुळत नाही’ या शेऱ्यासह परत येतो.

मूलद्रव्य विश्लेषणात कार्बन, हायड्रोजन व नायट्रोजन यांची मोजलेली टक्केवारी गणिती टक्केवारीपासून ०.४ च्या आत असावी असा जुना दंडक आहे. चाल्कोनमध्ये कार्बन ८६.५१ टक्के येतो, तेव्हा मोजलेला आकडा ८६.११ ते ८६.९१ या मर्यादेत हवा. पदार्थ नीट वाळवला नाही, त्यात इथाइल ॲसिटेट किंवा पाणी अडकून राहिले, तर तो हमखास बाहेर जातो. अशा वेळी काही जण आकडा ‘बसवून’ घेतात. बारा संयुगांच्या कार्बन व हायड्रोजनच्या चोवीस आकड्यांत सगळेच फरक ०.०५ च्या आत असतील, तर अनुभवी परीक्षकाच्या भुवया तेथेच उंचावतात, कारण खरी यंत्रे इतकी आज्ञाधारक नसतात.

एनएमआरमधल्या अशुद्धतेचेही तसेच आहे. कॉलममधून शुद्ध करून काढलेल्या पदार्थाच्या वर्णपटात १.२६, २.०५ आणि ४.१२ पीपीएमला (येथे पीपीएम हे वर्णपटाच्या मोजपट्टीचे एकक) तीन शिखरे दिसली तर ते उरलेले इथाइल ॲसिटेट आहे, हे कोणीही ओळखतो. एनएमआरसाठी द्रावक म्हणून वापरल्या जाणाऱ्या ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममधले ७.२६ चे शिखर आणि पाण्याचे १.५६ च्या आसपासचे शिखर सर्वांच्या परिचयाचे आहे. ती शिखरे तशीच ठेवून त्यांच्यावर नाव लिहावे, किंवा पदार्थ पुन्हा वाळवून वर्णपट नव्याने काढावा. तिसरा मार्ग नाही. २०१३ साली ‘ऑर्गॅनिक लेटर्स’ या नियतकालिकाच्या संपादकांनी जाहीरपणे लिहिले होते की, निबंधासोबत जोडलेल्या पुरवणी माहितीची तपासणी करण्यासाठी नेमलेल्या विश्लेषकाला अशुद्धतेची शिखरे संगणकावर पुसून टाकलेले वर्णपट आढळले. तेव्हापासून ही तपासणी कडक होत गेली, आणि आता अनेक प्रकाशक छापील वर्णपटाबरोबर यंत्रातून निघालेली, प्रक्रिया न केलेल्या संकेताची मूळ एफआयडी फाइलही मागतात किंवा देण्याचा आग्रह धरतात. आपल्या विद्यार्थ्यांकडे ही फाइल बहुधा नसते, कारण बाहेरच्या केंद्राकडून येतो तो कागद किंवा पीडीएफ. मूळ फाइल मागायची असते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मागितली तर ती मिळते.

आता एक मुद्दा खास आपल्या भागातला आहे, आणि परदेशी परीक्षकाला त्याची कल्पनाही येणार नाही. निबंधात सर्रास लिहिलेले असते की अभिक्रिया ‘खोलीच्या तापमानाला’ केली. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, आणि वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत दुपारी तीन वाजता फ्लास्कमधले तापमान ४० अंशांच्या वर असते. डायक्लोरोमिथेन साधारण ४० अंशांना उकळते, डायइथाइल ईथर तर ३५ अंशांच्याही आधी. त्या वातावरणात जी अभिक्रिया अर्ध्या तासात ९२ टक्के उत्पादन देते, तीच जर्मनीतल्या किंवा जपानमधल्या कोणी २० अंशांना केली तर चार तासांतही पूर्ण होणार नाही, आणि तो प्रामाणिकपणे लिहील की निष्कर्ष पुन्हा मिळत नाहीत. आपल्याच प्रयोगशाळेत डिसेंबरमध्ये ती केली तरी तोच अनुभव येतो, आणि मग ‘उत्प्रेरक खराब झाला’ असा समज होतो. नियतकालिके तापमान अंशांत लिहा असे सांगतात ते उगाच नाही. वहीत प्रत्येक नोंदीशेजारी तापमापी पाहून आकडा लिहिण्याला काहीही खर्च येत नाही.

दुसरा स्थानिक विषय केळीचा. जळगाव जिल्हा केळीचा, त्यामुळे सालीची किंवा खोडाची राख उत्प्रेरक म्हणून वापरावी, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कोळसा करून त्याने पाण्यातला रंग शोषून घ्यावा, असे विषय विद्यार्थी हौसेने घेतात. विषय चांगले आहेत. पण आसाममधील संशोधकांनी केळीच्या सालीच्या राखेचे पाणी आम्लारीच्या (अल्कलीच्या) जागी वापरून केलेल्या अभिक्रिया दहाएक वर्षांपूर्वीच प्रसिद्ध केल्या आहेत, आणि त्या मालिकेतले निबंध वाचलेला संपादक पहिला प्रश्न विचारतो की यात नवे काय. त्याचे उत्तर प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात आणि संपादकाला लिहिलेल्या पत्रात दोन वाक्यांत असायला हवे. ‘हरित, स्वस्त व पर्यावरणस्नेही’ हे शब्द म्हणजे उत्तर नाही. राख कोणत्या वाणाच्या सालीची, किती अंशांना किती तास भाजली, तिच्यात पोटॅशियम किती आहे व ते कशाने मोजले, तितकेच पोटॅशियम असलेले बाजारातले पोटॅशियम कार्बोनेट घेऊन तीच अभिक्रिया केली तर काय होते, आणि राख गाळून घेतल्यावर उरलेल्या द्रावणात अभिक्रिया पुढे सरकते का, हे प्रश्न कोणताही जाणकार परीक्षक विचारणारच. नियंत्रण प्रयोगांचा हा तक्ता आधीच जोडलेला असला तर निबंधाचा दर्जा एका पायरीने वर जातो. नॅनोकणांवर काम करणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की क्ष-किरण विवर्तनासाठीच्या शेरर समीकरणातून स्फटिकाचा आकार मिळतो, कणाचा नव्हे. कणाचा आकार सांगायचा तर सूक्ष्मदर्शकातले चित्र, त्यावरची मोजपट्टी आणि किती कण मोजले तो आकडा लागतो.

आकृत्यांबद्दल लिहायला संकोच वाटतो, इतकी ती प्राथमिक गोष्ट आहे. पण सर्वांत आधी संपादकाच्या डोळ्यांत तीच भरते. रेणूंच्या रचना कोणी जुन्या पीएच.डी. प्रबंधातून कापून चिकटवतो, कोणी स्क्रीनशॉट घेतो, आणि एकाच योजनेत एक कडे मोठे, एक लहान, एका बाणावर टाइम्सची अक्षरे आणि दुसऱ्यावर एरियलची, असे चित्र तयार होते. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकांसाठी केमड्रॉ या रेणूंच्या रचना काढण्याच्या संगणक-प्रणालीत तयार साचाच दिलेला असतो. त्यात बंधाची लांबी १४.४ पॉइंट, रेषेची जाडी ०.६ पॉइंट, ठळक बंध २ पॉइंट आणि अक्षरे १० पॉइंटची असतात, आणि साचा निवडला की यातले काहीही हाताने करावे लागत नाही. एका स्तंभातली आकृती ३.३३ इंच रुंद, दोन स्तंभांत पसरलेली जास्तीत जास्त ७ इंच. रेषाचित्राला १२०० डीपीआय, रंगीत छायाचित्राला ३०० डीपीआय. विषयसूचीसाठीचे छोटे चित्र ३.२५ गुणिले १.७५ इंचांत बसवावे लागते, आणि आमचे विद्यार्थी त्यात अख्खा निबंध कोंबतात. केमड्रॉ विकत घेणे महाविद्यालयाला परवडत नसेल तर शैक्षणिक वापरासाठी विनाशुल्क असलेले केमस्केच आहे, केचर आहे. चोरून उतरवलेली प्रत वापरून काढलेली आकृती बंगळुरू काय किंवा वॉशिंग्टन काय, कुठेही पाठवू नये.

लेखकांची नावे व पत्ते हा भाग वरवर किरकोळ दिसतो. आपल्या विद्यापीठाचा नामविस्तार २०१८ मध्ये होऊन ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले. आजही निबंधांवर जुने नाव, अर्धे नाव, आद्याक्षरे अशा निरनिराळ्या रूपांत पत्ता लिहिला जातो, आणि त्यामुळे एकाच विद्यापीठाचे काम माहितीसंग्रहांत अनेक ठिकाणी विखुरले जाते. व्यक्तींच्या नावांचे तर विचारूच नका. कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी वडिलांचे नाव पूर्ण देतो, कोणी त्याचे आद्याक्षर देतो; मुलींची आडनावे लग्नानंतर बदलतात आणि आधीचे तीन निबंध परक्या कोणाचे तरी ठरतात. यावर ऑर्किड (ORCID) हा प्रत्येक संशोधकाला मिळणारा सोळा अंकी ओळख क्रमांक सोपा उपाय आहे. तो फुकट मिळतो, आणि बरीच नियतकालिके पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाकडून तो मागतातच. त्याचबरोबर कोणी काय काम केले हे १४ ठरावीक भूमिकांमध्ये वाटून सांगण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. तो रकाना भरताना प्राचार्यांचे किंवा विभागप्रमुखांचे नाव केवळ मानाने घातलेले असले तर त्यांच्यासमोर काय लिहावे, असा प्रश्न पडतो, आणि तो पडावा यासाठीच ती पद्धत आहे. ज्यांनी यंत्र वापरू दिले, रसायने दिली, त्यांचे आभार शेवटी मानावेत.

संदर्भांची यादी झोटेरोसारख्या विनाशुल्क साधनात पहिल्या दिवसापासून ठेवली, तर नियतकालिक बदलले की शैली एका क्लिकने बदलते. पूर्वीच्या नियतकालिकासाठी तयार केलेली यादी तशीच पुढच्याला गेली की, हा निबंध दुसरीकडून नाकारलेला आहे हे संपादकाला न सांगता समजते. साधर्म्य तपासणीबाबत एक गैरसमज फार पसरला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही, म्हणून १० टक्के उचलेगिरीला मुभा आहे असे समजले जाते. नियतकालिके निव्वळ टक्केवारी पाहत नाहीत. ‘मिश्रण बर्फात ओतले, गाळले व इथेनॉलमधून पुनर्स्फटिकीकरण केले’ हे वाक्य शंभर ठिकाणी सापडले तरी कोणी आक्षेप घेत नाही. निष्कर्षातला एक परिच्छेद दुसऱ्याचा निघाला तर एकूण साधर्म्य ४ टक्के असले तरी निबंध परततो. उचललेले वाक्य लपवण्यासाठी समानार्थी शब्द बदलून देणाऱ्या साधनांतून मजकूर काढला की तांत्रिक संज्ञांचेही समानार्थी शब्द येतात, आणि ते वाचताना परीक्षकाला हसावे की रडावे कळत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने भाषा सुधारण्यासाठी वापरली असतील तर तसे निबंधात नमूद करा, असे आता बहुतेक मोठे प्रकाशक सांगतात. अशा साधनाला लेखक म्हणून नाव देता येत नाही.

भाषेचा प्रश्न खरा आहे. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि बी.एस्सी.ला एकदम इंग्रजी, अशा वाटेने आलेला विद्यार्थी प्रयोगशाळेत उभा राहून आपली अभिक्रिया अतिशय स्वच्छ समजावून सांगतो, आणि लिहायला बसला की सहा ओळींची कर्मणी वाक्ये जुळवतो. अशांना मी एवढेच सांगत आलो की काय घेतले, किती घेतले, किती अंशांना किती वेळ ठेवले, काय मिळाले, या क्रमाने छोटी वाक्ये भूतकाळात लिहा. ग्रॅमबरोबर मिलिमोल द्या, उत्पादन शुद्ध केलेल्या पदार्थाचे द्या, आकडा आणि एकक यांत जागा सोडा. शैलीची हौस प्रस्तावनेत भागवता येते.

हे सगळे आजच सांगण्याचे कारण असे की परिस्थिती बदललेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी परीक्षित नियतकालिकात किमान एक निबंध प्रसिद्ध होणे बंधनकारक होते. त्या सक्तीपोटी पैसे घेऊन आठवड्यात निबंध ‘छापून देणारा’ एक बाजार उभा राहिला. त्याचे संदेश आजही संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात आणि त्यात ‘लिहून देणे, आकृत्या, प्रसिद्धी’ असे पॅकेजही असते. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी ही सक्ती काढून टाकली. याचा अर्थ निबंध लिहू नयेत असा काहींनी घेतला, तर काही मार्गदर्शकांनी जुनाच आग्रह चालू ठेवला. मला यात एक संधी दिसते. घाई संपली असेल, तर वर्षाला चार कच्चे निबंध पाठवण्याऐवजी दोन वर्षांत एक पक्का निबंध पाठवता येईल. लेखकाकडून शुल्क न घेणारी प्रतिष्ठित नियतकालिके आपल्या देशातही आहेत. भारतीय विज्ञान अकादमीचे ‘जर्नल ऑफ केमिकल सायन्सेस’ हे त्यांपैकी एक. तेथून आलेले परीक्षकांचे अभिप्राय, नकाराबरोबर आलेले असले तरी, विद्यार्थ्याला पुष्कळ शिकवतात.

साधनांची अडचण मी नाकारत नाही. उच्च क्षमतेचा एनएमआर किंवा अचूक वस्तुमानमापी तालुक्याच्या महाविद्यालयात असणे शक्य नाही. नमुने मुंबईला आयआयटीतल्या, चंदीगडला पंजाब विद्यापीठातल्या किंवा लखनौला सीडीआरआयमधल्या केंद्राकडे कुरियरने पाठवावे लागतात, पैसे भरावे लागतात, आणि निकालाची वाट पाहावी लागते. देशात कोणते उपकरण कोठे उपलब्ध आहे ते दाखवणारे आय-स्टेम हे राष्ट्रीय पोर्टल आहे, पण आपल्या अनेक महाविद्यालयांत ते कोणी उघडलेले नाही. वाचनाच्या बाजूने मात्र दार बरेच उघडले आहे. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य सरकारांच्या शैक्षणिक व संशोधन संस्थांना उपलब्ध झाली आहेत, आणि अमेरिकन केमिकल सोसायटीचा त्यांत समावेश आहे. ज्या नियतकालिकाला निबंध पाठवायचा त्याचे गेल्या वर्षभरातले पाच निबंध त्यांच्या पुरवणी माहितीसह वाचून पाहिले, तर लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये जे समजत नाही ते तेथे उदाहरणासह दिसते. पुरवणी माहिती तर बहुतेक ठिकाणी वर्गणीशिवायही उघडते.

माझी सूचना खर्चाची नाही. पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात संशोधन व प्रकाशन नैतिकता हा २ क्रेडिटचा, ३० तासांचा भाग आयोगाने २०१९ च्या अखेरीस सक्तीचा केला. तो बहुतेक ठिकाणी स्लाइड दाखवून आणि शेवटी प्रश्नपत्रिका देऊन संपवला जातो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी त्यातले निदान दहा तास प्रत्यक्ष मसुद्यावर खर्च व्हावेत: एखाद्या नियतकालिकाच्या सूचना समोर ठेवून आधीच्या तुकडीतल्या विद्यार्थ्याचा, त्याच्या संमतीने घेतलेला, मसुदा तपासायचा, वस्तुमानांचे गणित स्वतः करून पाहायचे, प्रत्येक नव्या संयुगाच्या नावापुढे काय आहे आणि काय नाही याचा तक्ता भरायचा. दुसरे असे की विद्यापीठाच्या रसायनशास्त्र प्रशाळेने पुढाकार घेऊन जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी निबंध पाठवण्यापूर्वीची तपासणी सुरू करावी. महिन्यातून एका शनिवारी तिन्ही ठिकाणी आळीपाळीने बसावे, मसुदा लेखकाच्या महाविद्यालयाबाहेरच्या दोन शिक्षकांनी वाचावा, एकाने विज्ञान पाहावे आणि दुसऱ्याने केवळ पुरवणी माहिती व सूचनांची पूर्तता. मार्गदर्शकाच्या अधिकाराला यामुळे धक्का लागेल अशी भीती काहींना वाटेल. परदेशातला अनोळखी परीक्षक तेच करतो आणि ते आपण निमूट मान्य करतो, तर धरणगाव किंवा शिरपूरच्या सहकाऱ्याने केलेले का चालू नये, हे मला समजत नाही. नमुने पाठवण्याचे कामही या बैठकीत एकत्र करता येईल, म्हणजे चार महाविद्यालयांचे नमुने एका खोक्यातून जातील आणि कुरियरचा खर्च वाटला जाईल.

ही तपासणी सुरू झाल्यास मी आणि माझे काही निवृत्त सहकारी सांगाल तेथे एस.टी.ने येऊन मसुदे वाचून देण्यास तयार आहोत. मानधनाची अपेक्षा नाही. मसुदा आणि पुरवणी माहिती मात्र निदान आठवडाभर आधी हातात पडावी, आणि पुरवणी माहितीत वर्णपटांची पाने क्रमांक घालून दिलेली असावीत.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
जि. जळगाव